रिॲक्शन नऊशे, पण माणसं किती?

ऑनलाइन ग्रुपचा महिन्याचा हिशेब मांडताना दोन आकड्यांची हमखास गल्लत होते. एक म्हणजे पोस्टवर आलेल्या एकूण रिॲक्शन, आणि दुसरा म्हणजे रिॲक्शन देणारे वेगवेगळे सदस्य. पहिल्यावरून गजबज किती होती ते कळतं, दुसऱ्यावरून ती किती जणांची होती ते कळतं.

गल्लत होण्याचं कारण साधं आहे. फेसबुक, लिंक्डइन किंवा व्हॉट्सॲपवर एका पोस्टला एका माणसाची एकच रिॲक्शन धरली जाते. लाइक बदलून हार्ट दिला की लाइक जातो. त्यामुळे एका पोस्टपुरते दोन्ही आकडे सारखेच येतात आणि महिन्याच्या बेरजेतही तसंच असेल असं वाटून जातं. डिस्कॉर्ड आणि स्लॅक या चॅट ॲपवर तर एका पोस्टपुरतंही ते जुळत नाही, कारण तिथे एकच माणूस एकाच मेसेजवर चार वेगळे इमोजी लावू शकतो. मेसेजखाली अंगठा 6, टाळ्या 5 आणि हार्ट 4 असं दिसलं, तर रिॲक्शन 15 झाल्या. माणसं कदाचित सहाच असतील.

हिशेबासाठी एक काल्पनिक ग्रुप घेऊ. सदस्य 400, महिन्यात 60 पोस्ट, 900 रिॲक्शन. सरासरी पोस्टमागे 15, म्हणजे बरं चाललंय असं वाटतं. आता नावं मोजली तर रिॲक्शन देणारे निघाले 48, म्हणजे 12 टक्के. त्यातही सगळ्यात उत्साही पाच जणांनी 540 दिल्या, 17 जणांनी महिनाभरात एकेकच दिली आणि मधल्या 26 जणांनी मिळून 343. या पाचांपैकी दोघं सुट्टीवर गेले तरी पुढच्या महिन्याचा आलेख धाडकन खाली येईल आणि ग्रुप थंडावला अशी ओरड सुरू होईल.

पुढच्या महिन्यात रिॲक्शन 720 वर आल्या, म्हणजे 20 टक्के घट. पण देणारे 90 झाले आणि पहिल्या पाचांचा वाटा 60 टक्क्यांवरून 25 टक्क्यांवर उतरला. हा महिना आधीच्यापेक्षा चांगला होता. फक्त एकूण आकडा पाहणाऱ्याने मात्र तो वाईट ठरवला असता.

मोजायची पद्धत अशी. शीटमध्ये प्रत्येक रिॲक्शनची एक ओळ करा: पोस्टचा क्रमांक, पोस्टची तारीख, पोस्ट लिहिणारा, रिॲक्शन देणारा, प्रकार. स्वतःच्याच पोस्टवर दिलेल्या रिॲक्शन, बॉट (आपोआप चालणारी खाती) आणि ॲडमिनची खाती आधी बाजूला काढा. ॲडमिन प्रत्येक पोस्टला इमानेइतबारे अंगठा देत असतात, त्यामुळे ते राहिले तर 60 पोस्टमध्ये एका ॲडमिनच्या 60 रिॲक्शन उगाच मिसळतात. उरलेल्या ओळी मोजल्या की पहिला आकडा मिळतो. देणाऱ्यांच्या कॉलममधली डुप्लिकेट नावं काढून मोजली की दुसरा. पिव्होट टेबलने (शीटमधली गोषवारा काढण्याची सोय) प्रत्येकाच्या नावापुढे किती रिॲक्शन आहेत तेही लावून घ्या, म्हणजे वरच्या पाचांचा वाटा लगेच दिसतो. ही यादी ॲडमिनपुरतीच ठेवावी. ती ग्रुपमध्ये टाकली की लोक गणतीसाठी अंगठे द्यायला लागतात आणि पुढचे सगळे आकडे बिघडतात.

सगळ्यात जास्त होणारी चूक बेरजेत आहे. एकूण रिॲक्शनची बेरीज करता येते. चार आठवड्यांच्या मिळवल्या की महिन्याच्या होतात. माणसांची अशी बेरीज करता येत नाही. आठवड्यांचे आकडे 30, 32, 28 आणि 31 असतील तर बेरीज 121 येते, पण तेच लोक पुन्हा पुन्हा येत असल्याने महिन्याचे खरे वेगळे सदस्य वरच्या उदाहरणासारखे 48 असू शकतात. महिन्याचा आकडा हवा असेल तर महिन्याच्या सगळ्या ओळींवरच डुप्लिकेट काढायला हवेत.

दुसरी चूक मुदतीची. एक तारखेच्या पोस्टला महिनाभर रिॲक्शन मिळतात, तीस तारखेच्या पोस्टला एखादाच दिवस. म्हणून प्रत्येक पोस्टला सारखी मुदत द्या, पहिले सात दिवस पुरतात, आणि शेवटच्या पोस्टचे सात दिवस भरल्यावरच हिशेब करा. काढून टाकलेल्या पोस्टसोबत तिच्या रिॲक्शनही जातात, त्यामुळे प्रत्येक पोस्टचे सात दिवस भरले की तिची नोंद लगेच उतरवून ठेवलेली बरी.

‘येणार असाल तर अंगठा द्या’ अशा पोस्ट वेगळ्या काढा. तो अंगठा म्हणजे हजेरी आहे, पसंती नव्हे. रिॲक्शनच्या प्रकारांना हिशेबात कमीजास्त वजन देण्याचा मोहही आवरावा. फेसबुकने 2016 मध्ये लाइकच्या जोडीला राग, दुःख वगैरे रिॲक्शन आणल्या, 2017 मध्ये त्यांना लाइकच्या पाचपट वजन दिलं आणि 2020 मध्ये रागाचं वजन थेट शून्यावर आणलं. ज्यांच्याकडे एवढा डेटा आहे त्यांनाही हे वजन बदलत राहावं लागलं.

मग कुठला आकडा कधी? कुठल्या विषयावरची किंवा कुठल्या वेळेची पोस्ट जास्त चालते हे पाहायचं असेल तर पोस्टवरच्या रिॲक्शन पुरेशा आहेत. फक्त सरासरीऐवजी मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्या, नाहीतर वाढदिवसाची एक पोस्ट सगळं वर ओढते. ग्रुप मूठभरांवर चाललाय का, नवे सदस्य रुळतायत का, हे विचारायचं असेल तर माणसंच मोजायला हवीत. गप्प वाचणारे मात्र दोन्हीत दिसत नाहीत.

काही ठिकाणी रिॲक्शन कुणी दिल्या हे कळतच नाही, फक्त आकडा दिसतो. तिथे वेगळे सदस्य नेमके मोजता येत नाहीत, पण किमान किती होते ते सांगता येतं: महिन्यात एखाद्या पोस्टला सर्वाधिक 41 रिॲक्शन आल्या आणि एकाला एकच देता येत असेल, तर देणारे किमान 41 आहेत. एकाला अनेक इमोजी लावता येत असतील तर त्या पोस्टची बेरीज न घेता एकाच इमोजीचा सर्वात मोठा आकडा धरायचा.