पार्श्वभूमी: स्क्रीन रीडरची स्वतःची कळ कुठली?

संगणकावर आपल्या सोयीचे शॉर्टकट ठरवायला बसलं की स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, वापरणाऱ्याला आधी कळांची मोकळी जोडी शोधावी लागते. कंट्रोलबरोबरची बहुतेक अक्षरं प्रोग्रामांनी घेतलेली असतात, ऑल्टबरोबरची मेनूंनी आणि विंडोजच्या कळीबरोबरची ऑपरेटिंग सिस्टीमने. उरलेल्या जागेत स्क्रीन रीडरचे स्वतःचे ढीगभर आदेश. ही दाटी एका दिवसात झालेली नाही. कीबोर्ड आखला गेला तेव्हा स्क्रीन रीडर कुणाच्या हिशेबातच नव्हता, आणि नंतरही त्याच्यासाठी म्हणून एकही कळ राखली गेली नाही. आज दिसणारे बहुतेक वाद आणि बहुतेक तडजोडी याच एका उणिवेतून आल्या आहेत.

विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळात प्रोग्राम अख्खा कीबोर्ड व्यापून बसत. वर्डपरफेक्ट या लेखनाच्या प्रोग्रामने फंक्शन कळा (एफ १ ते एफ १०) एकेकट्या आणि शिफ्ट, कंट्रोल, ऑल्टबरोबर अशा चारही तऱ्हांनी वापरल्या होत्या. दहा कळांचे चाळीस आदेश झाले, आणि ते लक्षात राहावेत म्हणून डोळस माणसं कीबोर्डवर छापील पट्टी ठेवत. अशा गर्दीत वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामने आपले आदेश ठेवायचे कुठे? एका मोठ्या संगणक कंपनीने त्यासाठी वेगळा छोटा कीपॅडच दिला. टायपिंग मुख्य कीबोर्डवर, वाचन त्या कीपॅडवर. कल्पना स्वच्छ होती, पण ते जास्तीचं यंत्र जिथे नाही तिथे वापरकर्ता अडला. १९८९ मध्ये मॅकिंटॉशसाठी आलेल्या आउटस्पोकनने, म्हणजे चित्रमय पडदा वाचणाऱ्या पहिल्या स्क्रीन रीडरने, दुसरी वाट धरली. त्याने आपले आदेश नंबर पॅडवर बसवले.

पीसीवर हीच वाट मोकळी झाली ती वेगळ्याच कारणाने. १९८० च्या दशकाच्या मध्यावर १०१ कळांचा कीबोर्ड आला. बाण, होम, एंड, पेज अप, इन्सर्ट, डिलीट यांना त्यात स्वतंत्र जागा मिळाली. त्याआधी ही सगळी कामं नंबर पॅडकडे होती, आणि नव्या कीबोर्डवरही ती तिथे तशीच ठेवली गेली. त्यामुळे नम लॉक (नंबर पॅड आकड्यांवर आणणारी कळ) बंद असेल तर एकेका कामाच्या दोन-दोन कळा झाल्या. डोळस वापरकर्त्याला या दुहेरी मांडणीचं काहीच वाटलं नाही. स्क्रीन रीडर बनवणाऱ्यांना मात्र ती पडीक जमीन दिसली.

जॉज हा स्क्रीन रीडर १९८९ मध्ये डॉसवर आला आणि १९९५ च्या सुरुवातीला विंडोजवर. नंबर पॅडचा त्याने केलेला वापर इतका रुळला की आजही पाया तोच आहे. शून्याची रुंद कळ इन्सर्टचंही काम करते आणि ती उजव्या अंगठ्याखाली येते. ती धरून आठ दाबला की चालू ओळ, पाच दाबला की शब्द, दोन दाबला की तिथून पुढचं सगळं. तळहात जागचा हलत नाही. डाव्या हाताने टी दाबला की खिडकीचं शीर्षक, एफ १२ दाबली की वेळ. ज्यांची बोटं या मांडणीत तयार झाली त्यांना ती आजही सगळ्यांत वेगवान वाटते, आणि त्यांचं म्हणणं खरं आहे.

इन्सर्टच का घेतली, यावर मात्र तेव्हापासून एकमत नाही. समर्थक म्हणतात की ही कळ कुणी वापरतच नव्हतं. चुकून दाबली गेली तर पुढची अक्षरं पुसत लिहिण्याचा ताप तेवढा व्हायचा. पण हे पूर्ण खरं नाही. १९८७ मध्ये एका मोठ्या कंपनीने सर्व प्रोग्रामांसाठी कीबोर्डची एकसारखी नियमावली काढली होती. तिच्यात कंट्रोल आणि इन्सर्ट म्हणजे कॉपी, शिफ्ट आणि इन्सर्ट म्हणजे पेस्ट असं ठरलं होतं. या जोड्या विंडोजमध्ये आजही चालतात, आणि टर्मिनलवर काम करणाऱ्यांच्या तर रोजच्या वापरात असतात, कारण तिथे कंट्रोल सी म्हणजे चालू काम थांबवणं. एका दृष्टिहीन प्रोग्रामरची हीच पेस्टची कळ स्क्रीन रीडर मध्येच उचलून घेतो. त्यावर उपाय निघाले. एनव्हीडीए या दुसऱ्या स्क्रीन रीडरमध्ये इन्सर्ट लागोपाठ दोनदा दाबली की ती मूळच्या कामाला जाते, किंवा एनव्हीडीए कळ (म्हणजे इथे इन्सर्ट) आणि एफ २ दाबल्यावर पुढची जोडी थेट प्रोग्रामकडे सोडली जाते. जॉजमध्ये त्यासाठी इन्सर्ट आणि ३ आहे. प्रत्येक नव्या वापरकर्त्याने हा आदेश पहिल्या आठवड्यातच शिकावा असं मला वाटतं. शॉर्टकट ‘चालत नाही’ म्हणून सोडून दिलेल्या कितीतरी जोड्या प्रत्यक्षात प्रोग्रामपर्यंत पोचलेल्याच नसतात.

दुसरी अडचण नम लॉकची. आकडे भरण्याचं काम करणाऱ्याला नंबर पॅड आकड्यांसाठी हवा असतो, आणि तो तसा वापरायला घेतला की तिथले वाचनाचे आदेश थांबतात. ज्या कामात दृष्टिहीन कर्मचाऱ्याचा वेग सहज दिसून आला असता, तिथेच त्याला दोन गोष्टींतली एक निवडावी लागली.

तिसरी अडचण लॅपटॉपने आणली, आणि तिने सगळा हिशेबच बदलला. लहान लॅपटॉपवर नंबर पॅड नसतो. इन्सर्ट असलीच तर कोपऱ्यात किंवा फंक्शन कळीच्या आड, आणि तिची जागा प्रत्येक यंत्रावर निराळी. अंगठ्याखालची कळ शोधायची वस्तू झाली. म्हणून कॅप्स लॉक पुढे आली. ती सगळीकडे असते, एकाच जागी असते, डाव्या करंगळीच्या शेजारी असते. एनव्हीडीएचं काम २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालं. आज तो पहिल्यांदा उघडतो तेव्हाच, कीबोर्डची मांडणी डेस्कटॉपची की लॅपटॉपची आणि कॅप्स लॉक वापरायची का, हे विचारतो. पण कॅप्स लॉकचाही भार आहेच. खरी मोठी लिपी हवी असेल तर ती दोनदा दाबावी लागते. स्क्रीन रीडर मध्येच बंद पडला तर कळ पुन्हा आपल्या मूळ कामाला लागते, आणि पासवर्ड चुकत राहतो तो का, हे सांगणारा आवाज त्या क्षणी नसतो. दूरच्या संगणकाला जोडून काम करताना दोन्हीकडे स्क्रीन रीडर चालू असेल तर एकाच कळीवर दोघांचा हक्क पडतो.

मॅकवर २००५ मध्ये आलेल्या व्हॉइसओव्हर या स्क्रीन रीडरने हा वाद टाळायला कंट्रोल आणि ऑप्शन अशा दोन कळा एकत्र घेतल्या. त्या कुणाच्या मूळ कामात आडव्या आल्या नाहीत, पण बोटांवर ताण आला. आणखी दोन कळांचा आदेश असेल तर चार बोटं एकाच वेळी खाली. २०१६ मध्ये तिथेही कॅप्स लॉकचा पर्याय द्यावा लागला. व्हॉइसओव्हरने एक गोष्ट मात्र पुष्कळ बरी केली. त्या दोन कळा एका आदेशाने ‘धरून ठेवता’ येतात, त्यामुळे एका हाताने काम करणाऱ्याला वाट राहते. विंडोजमध्ये त्यासाठी स्टिकी कीज ही सोय आहे, पण तिच्यात शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट आणि विंडोजची कळ येते. इन्सर्ट आणि कॅप्स लॉक त्यात नाहीत, कारण ऑपरेटिंग सिस्टीमच्या लेखी त्या धरून ठेवायच्या कळाच नव्हेत. उधारीची कळ घेण्याची खरी किंमत इथे दिसते, आणि ती अशा माणसाला पडते ज्याला आधीच दोन अडचणी आहेत.

कळ निवडता येऊ लागली तसा नावांचा गुंता वाढला. पुस्तिकेत ‘इन्सर्ट आणि टी’ असं लिहिणं बरोबर राहिलं नाही, म्हणून ‘जॉज की’, ‘एनव्हीडीए की’, ‘नॅरेटर की’ (नॅरेटर म्हणजे विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर) असे शब्द आले. या नावाची कळ कीबोर्डवर कुठेच छापलेली नाही. फोनवरून मदत मागणाऱ्या नवख्याला ‘एनव्हीडीए की दाबा’ म्हटलं की तो बोटांनी कीबोर्ड चाचपत राहतो. शिवाय मांडणी दोन झाल्या. २०१३ मध्ये एनव्हीडीएने लॅपटॉपची मांडणी नव्याने बांधली आणि ती आधीपेक्षा सुसंगत झाली, यात शंका नाही. पण एनव्हीडीए कळ आणि वरचा बाण ही जोडी डेस्कटॉप मांडणीत चालू ओळ वाचते, तर लॅपटॉप मांडणीत वाचनाची खूण मागच्या ओळीवर नेते. शिकवणारा एका मांडणीत आणि शिकणारा दुसऱ्या मांडणीत असेल तर दोघेही बरोबर असून धडा चुकतो. शॉर्टकटांची यादी कुणाला पाठवताना वर पहिल्या ओळीत मांडणीचं नाव लिहावं, एवढी साधी काळजीसुद्धा क्वचितच घेतली जाते.

तरीही जुन्या वापरकर्त्यांच्या सवयीचा मान बऱ्यापैकी राखला गेला. इन्सर्ट आणि एफ ७ म्हटलं की जॉजमध्ये दुव्यांची यादी येते, एनव्हीडीएमध्ये घटकांची. शीर्षक टी वर, वेळ एफ १२ वर, कीबोर्डचा सराव १ वर, हेही दोन्हीकडे सारखंच. २०१८ मध्ये विंडोजच्या नॅरेटरनेही आपली मांडणी बदलून इतरांच्या जवळ आणली, आणि आज त्यात कॅप्स लॉक आणि इन्सर्ट दोन्ही चालतात. कुठल्याही अधिकृत मानकाशिवाय झालेली ही एकवाक्यता आहे. ती आपोआप झालेली नाही. बोटांच्या सवयीला किंमत आहे, हे वापरकर्त्यांनी वर्षानुवर्षं सांगून मिळवलेली आहे.

वेबची कथा उलट दिशेने गेली. वेबपानं लिहिण्याच्या भाषेच्या १९९७ च्या आवृत्तीत, एचटीएमएल ४ मध्ये, पानाच्या लेखकाला दुव्यावर ‘ॲक्सेस की’, म्हणजे पानाचा स्वतःचा शॉर्टकट, ठेवण्याची सोय मिळाली, आणि १९९९ च्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांनी महत्त्वाच्या दुव्यांना शॉर्टकट द्या असं सांगितलं. ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळांसाठी तर आकडेच ठरले: १ मुखपृष्ठ, ४ शोध, ९ अभिप्राय. हेतू चांगला होता, पण या जोड्या ऑल्टबरोबर चालत आणि ब्राउझरचे मेनूही ऑल्टवरच होते. पानाने एफ घेतला की फाइल मेनू गेला. २००६ मध्ये फायरफॉक्सने या जोड्या ऑल्ट आणि शिफ्टवर हलवल्या, म्हणजे ज्यांनी पाठ केल्या होत्या त्यांचं पाठांतर वाया गेलं. २००८ च्या तत्त्वांत ती सूचना उरली नाही. २०१८ च्या आवृत्तीत तर उलटा नियम आला: एका अक्षराचा शॉर्टकट ठेवलात, तर तो बंद करण्याची किंवा बदलण्याची सोय द्या, नाहीतर तो संबंधित घटकावर असतानाच चालू द्या. हा नियम मुख्यतः बोलून संगणक चालवणाऱ्यांसाठी होता, पण स्क्रीन रीडरवाल्यांनाही त्याचा फायदा आहे. एनव्हीडीएच्या ब्राउझ मोडमध्ये, म्हणजे वेबपान वाचण्याच्या पद्धतीत, एच म्हणजे पुढचं शीर्षक, के म्हणजे पुढचा दुवा, टी म्हणजे पुढचा तक्ता. ही अक्षरं स्क्रीन रीडरकडेच थांबतात. ती आपल्याकडे खेचण्यासाठी काही विकासक अख्खं पान ‘ॲप्लिकेशन’ म्हणून घोषित करतात. मग त्यांचे शॉर्टकट चालतात, आणि शीर्षकांवरून उड्या मारत वाचण्याची सोय जाते.

डेस्कटॉपवर प्रोग्राम उघडण्यासाठी विंडोजमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि एक अक्षर अशी जोडी देता येते. एनव्हीडीए याच सोयीने कंट्रोल, ऑल्ट, एन वर उघडतो, आणि आवाज गेला तर याच जोडीने पुन्हा सुरू होतो. इथेही जागा मोकळी नव्हती. युरोपातल्या अनेक कीबोर्डांवर उजवी ऑल्ट म्हणजेच कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र. पोलिश लिहिणाऱ्याला एन वर तिरपी रेघ असलेलं अक्षर हवं असतं ते नेमकं याच जोडीने. गूगल डॉक्समध्ये पुढच्या शीर्षकावर जायचं तर कंट्रोल आणि ऑल्ट धरून आधी एन, मग एच दाबायचा असतो. लेख वाचायला निघालेल्या माणसाचा स्क्रीन रीडर तिथेच नव्याने सुरू होऊ शकतो. एनव्हीडीएच्या डेस्कटॉप शॉर्टकटच्या गुणधर्मांत जाऊन ती जोडी बदलता येते. ज्याचं काम ऑनलाइन दस्तऐवजांवर चालतं त्याने ती आधी बदलून घ्यावी.

विंडोजची कळ आणि तिच्याबरोबर आलेली मेनूची कळ १९९४ च्या. मेनूच्या कळीने माउसच्या उजव्या बटणाचं काम होतं, आणि माउस न वापरणाऱ्यासाठी ती मोलाची ठरली. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं पीसीच्या कीबोर्डवर मोठा बदल झाला नाही. जानेवारी २०२४ मध्ये एक नवी कळ जाहीर झाली, ती मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट या एआय सहायकाची. अनेक लॅपटॉपवर ती मेनूच्या कळीच्या किंवा उजव्या कंट्रोलच्या जागी बसते. अशा यंत्रावर स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला शिफ्ट आणि एफ १० दाबून मेनू उघडायची सवय नव्याने लावावी लागते, आणि बऱ्याच लॅपटॉपवर एफ १० साठी आधी फंक्शन कळ धरावी लागते.