जंतुसंसर्गातून होणाऱ्या मुतखड्याची पार्श्वभूमी

ठाणे–वाशी लोकलने रोज ये-जा करणाऱ्या किंवा बाजारपेठेत दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या अनेक स्त्रिया, वाटेत स्वच्छ प्रसाधनगृह मिळेल याची खात्री नसल्यामुळे, पाणीच बेताने पितात. पुढे लघवीला जळजळ सुरू झाली की ‘उन्हाळी लागली’ असे म्हणून धण्याचे पाणी घेतले जाते, नाहीतर औषधांच्या दुकानातून लघवीची आम्लता कमी करणारे सिरप आणले जाते. तेवढ्यापुरता आराम पडतो. मात्र काही जणींमध्ये संसर्ग वारंवार उलटतो आणि त्यातूनच खडा तयार होतो. खड्यामुळे संसर्ग होतो हे बहुतेकांना ठाऊक असते. संसर्गामुळेही खडा होतो, हे कळायला वैद्यकाला बराच काळ लागला.

सुश्रुतसंहितेत अश्मरीचे, म्हणजे मुतखड्याचे, चार प्रकार व त्यावरील शस्त्रक्रिया वर्णिलेली आहे. खड्यांचे रासायनिक घटक वेगवेगळे असतात, हे इंग्लंडमध्ये वुलस्टन यांनी 1797 मध्ये दाखवले. त्यांतील एका प्रकारात मॅग्नेशियम, अमोनिया आणि फॉस्फेट होते. याच संयुगाचे स्फटिक हॅम्बुर्ग शहराच्या जमिनीत सापडले, तेव्हा 1845 मध्ये उलेक्स यांनी त्याला ‘स्ट्रुव्हाइट’ हे नाव दिले. पण मूत्रपिंडात एवढा अमोनिया येतो कुठून, हा खरा प्रश्न होता.

हाउझर यांनी 1885 मध्ये प्रोटियस या जिवाणूचे वर्णन केले आणि लघवीतील युरियाचे विघटन करणारे जिवाणू खड्यामागे असावेत, असा विचार ब्राउन यांनी 1901 मध्ये मांडला. हे विघटन घडवणारे युरीएज हे विकर (एन्झाइम) सम्नर यांनी 1926 मध्ये, आपल्या अबईच्या जातकुळीतील जॅक बीनच्या बियांपासून, स्फटिकरूपात वेगळे केले; त्या कामाचा नोबेल पुरस्कार त्यांना 1946 मध्ये मिळाला.

युरीएजमुळे युरियापासून अमोनिया तयार होतो, लघवी अल्कधर्मी होते आणि तिचा पीएच 7 च्या वर गेला की मॅग्नेशियम, अमोनियम व फॉस्फेट यांचे स्फटिक साचू लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते शवपेटीच्या झाकणासारखे दिसतात. जिवाणू खड्याच्या आतच अडकून राहतात, तिथे प्रतिजैविके नीट पोहोचत नाहीत, आणि काही आठवड्यांत वा महिन्यांत खडा वाढून मूत्रपिंडाच्या आतील पोकळ्या शाखांसह व्यापू शकतो. लघवीच्या संसर्गात सर्वाधिक आढळणारा ई. कोलाय हा जिवाणू सहसा युरीएज बनवत नाही, म्हणून प्रत्येक संसर्गातून खडा होत नाही. लघवीच्या कल्चरमध्ये (जिवाणू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत) नेमका कोणता जिवाणू निघाला, याला म्हणूनच इतके महत्त्व आहे. आधीच अल्कधर्मी झालेल्या लघवीत आम्लता घटवणारे सिरप परस्पर घेत राहणे या प्रकारात उलट घातक ठरते, ही गोष्ट मला फार काळजीची वाटते.

पाठीतून छोट्या छिद्रावाटे खडा काढण्याची पद्धत 1976 मध्ये स्वीडनमध्ये प्रथम वापरली गेली आणि मोठ्या चिरेची गरज बरीच कमी झाली. तरीही या खड्याचा लहानसा तुकडा मागे राहिला तर त्यातील जिवाणूंमुळे तो पुन्हा वाढू शकतो, म्हणून तो पूर्ण काढावा लागतो आणि काढलेला खडाही कल्चरसाठी पाठवणे उपयुक्त ठरते.