अ‍ॅटलास की टसर? पंखांवरची खिडकी नीट पाहा

पावसानं जोर धरला की दरवर्षी कुणी ना कुणी फोटो पाठवतं. ओसरीच्या भिंतीवर, दिव्याखाली, तळहाताएवढा तपकिरी पतंग. खाली प्रश्न ठरलेला: ‘हा अ‍ॅटलास ना?’ बहुतेक वेळा तो अ‍ॅटलास नसतो. तो टसरचा पतंग असतो, ज्याच्या कोषातून टसर रेशीम, म्हणजे विदर्भातला कोसा, निघतो. आपल्या दारात आलेल्या या देखण्या पाहुण्याला त्याच्या स्वतःच्या नावानं ओळखलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

गोंधळ होतो तो उगाच नाही. दोघं एकाच कुळातले, दोघंही तपकिरी आणि दोघांच्याही चारही पंखांवर पारदर्शक डाग. या डागांवर पंखांचे खवले नसतात, त्यामुळे काचेतून दिसावी तशी मागची भिंत दिसते. मी त्यांना खिडक्याच म्हणतो. ओळखीची खूण तिथंच आहे.

टसरची खिडकी गोल असते. तिच्याभोवती रंगीत कडं असतं, त्यामुळे डोळा वटारल्यासारखं वाटतं. अ‍ॅटलासची खिडकी त्रिकोणी आणि काळ्या रेषेनं आखलेली असते. पुढच्या पंखावर कधी तिच्या शेजारी आणखी एक छोटी, निमुळती खिडकी दिसते. गोल दिसलं तर टसर, त्रिकोण दिसला तर अ‍ॅटलास. फोटो धूसर असला तरी एवढं बहुधा कळतं.

त्यानंतर पुढच्या पंखाचं टोक पाहावं. अ‍ॅटलासचं टोक बाहेर लांबून खाली वळलेलं असतं आणि त्यावरच्या गडद ठिपक्यामुळे ते हुबेहूब सापाचं डोकं वाटतं. डिवचलं तर तो पंख सावकाश हलवतो आणि तो साप डोलल्याचा भास होतो. टसरच्या नराचं टोकही थोडं वाकडं असतं, पण त्यावर साप नसतो. इथं पुष्कळ जण फसतात.

आकारावर मात्र फार विसंबू नये. अ‍ॅटलासचे पसरलेले पंख 20 सेंटीमीटरच्या पुढे जातात, टसरचे साधारण 15 च्या आसपास राहतात. पण फोटोत शेजारी मोजपट्टी कुठे असते? रंगही दगा देतो. टसरचा नर विटकरी तांबूस, तर मादी बहुधा पिवळसर किंवा राखाडी. या जोडप्यालाच दोन वेगळ्या जाती समजणारे मी पाहिले आहेत. नराच्या स्पर्शिका पिसासारख्या रुंद असतात. मादीनं हवेत सोडलेला गंध तो त्यांनीच टिपतो.

फोटो कुठला आहे, हेही विचारावं. आपल्या सह्याद्रीतल्या अ‍ॅटलासचं शास्त्रीय नाव अटाकस टॅप्रोबॅनिस. टॅप्रोबेन हे श्रीलंकेचं जुनं नाव, आणि हा पतंग दक्षिण भारत व श्रीलंकेतला. त्याला दमट, दाट जंगल लागतं, आंबोलीच्या बाजूला आहे तसं. हिमालयाच्या पायथ्याशी आणि ईशान्येत दिसणारा अटाकस अ‍ॅटलास वेगळा. टसर, म्हणजे अँथेरिया मायलिटा, पानगळीच्या जंगलाचा रहिवासी. ऐन, अर्जुन, बोर ही त्याच्या अळीची झाडं. गडचिरोली, भंडारा, चंद्रपूरकडे ढिवर समाजातली कुटुंबं ऐनावर या अळ्या वाढवतात आणि पाखरांपासून त्यांची दिवसभर राखण करतात. टसरच्या एका वाणाचं नावच ‘भंडारा’ आहे. त्यामुळे विदर्भातला फोटो असेल तर आधी टसरचाच विचार करावा.

बातम्यांमध्ये अ‍ॅटलासला ‘जगातला सर्वांत मोठा पतंग’ म्हणतात. पंखांच्या क्षेत्रफळात तो अग्रगण्य आहे खरा, पण पंखविस्तारात मध्य-दक्षिण अमेरिकेतला एक फिकट पतंग त्याच्या पुढे जातो.

प्रौढ झाल्यावर दोघंही काहीच खात नाहीत. तोंडाचे अवयव कामाचे नसतात. अळीनं साठवलेल्या चरबीवर जेमतेम आठवडा-दोन आठवडे काढायचे, त्यात जोडीदार शोधायचा, अंडी घालायची. म्हणून पतंग भिंतीवर दिसला की बाहेरचा दिवा घालवावा. उजेडाभोवती घिरट्या घालण्यात त्याची अख्खी रात्र वाया जाते. पकडू नये, पंखांचे खवले बोटाला लागून झडतात.

पतंग उडून गेला तरी कोषावरून ओळख पटते. अ‍ॅटलासचा कोष पानात गुंडाळलेला असतो आणि पानाचा देठ रेशमानं फांदीला बांधलेला असतो. टसरचा कोष अंड्यासारखा, टणक. त्याला रेशमाचाच देठ आणि देठाच्या टोकाला फांदीभोवती घट्ट कडं. ऐनाची पानं उन्हाळ्यापर्यंत झडून जातात, पण कड्यामुळे कोष जागचा हलत नाही. निष्पर्ण ऐनाखाली उभं राहून वर पाहिलं, तर तो लोंबताना दिसतो.