ठेव की लॉकर? क्रिप्टो एक्स्चेंजच्या राखीव निधीची पार्श्वभूमी

बेळगावच्या गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात पिग्मी गोळा करणाऱ्या एजंटाच्या हाती रोज शंभर रुपये देणाऱ्या दुकानदाराला हे ठाऊक असते की ती रक्कम सोसायटीच्या तिजोरीत तशीच पडून राहणार नाही. ती कोणाला तरी कर्जाऊ दिली जाईल आणि त्या कर्जाच्या व्याजातूनच आपले व्याज येईल. क्रिप्टो एक्स्चेंजने, म्हणजे बिटकॉइनसारखी डिजिटल नाणी घेण्या-विकण्याच्या आणि ठेवण्याच्या ऑनलाइन बाजाराने, ग्राहकांच्या ठेवींपोटी किती टक्के निधी हाताशी ठेवावा, हा प्रश्न सीमाभागात विचारला जातो तेव्हा त्यामागे नकळत हाच सोसायटीचा हिशेब असतो.

तो हिशेब आपल्याकडे जुना आहे. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर लगेच, १९०५ मध्ये, तेव्हाच्या मुंबई इलाख्यात गदगजवळच्या कणगिनहाळ येथे शेतकऱ्यांची पतसंस्था निघाली. रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्याने अनुसूचित (म्हणजे आपल्या यादीतील) बँकांवर मागणी देयतेच्या (मागताक्षणी द्यायच्या ठेवींच्या) ५ टक्के व मुदत देयतेच्या (ठरलेल्या मुदतीनंतर द्यायच्या ठेवींच्या) २ टक्के रक्कम रिझर्व्ह बँकेत ठेवण्याचे बंधन घातले. १९४९ च्या बँकिंग कायद्याने वैधानिक रोखता प्रमाण, म्हणजे रोख, सोने वा सरकारी रोख्यांत ठेवायचा ठेवींचा किमान हिस्सा, आणले; ते १९९० मध्ये ३८.५ टक्क्यांवर गेले होते, आज १८ टक्के आहे. केरळातील पालाई सेंट्रल बँक १९६० मध्ये बुडाल्यावर १९६२ पासून ठेवींना विमा मिळाला आणि १ मार्च १९६६ पासून सहकारी बँकाही बँकिंग कायद्याखाली आल्या. या सर्व टक्केवारीमागे एकच गृहीतक आहे: उरलेला पैसा कर्जात गुंतलेला आहे आणि सगळे ठेवीदार एकाच दिवशी दारात उभे राहणार नाहीत.

एक्स्चेंजला हे गृहीतक लागू पडत नाही. ग्राहकाने तेथे ठेवलेले नाणे कर्जाऊ देण्यासाठी दिलेले नसते. ते लॉकरमधल्या सोन्यासारखे असते, आणि लॉकरमधले किती टक्के सोने जागेवर असावे, असे कोणी विचारत नाही. न्यूयॉर्क राज्याने २०१५ च्या नियमांत हेच लिहिले: ग्राहकाचे जे नाणे जितके देणे असेल, तेच नाणे तितकेच जवळ हवे.

तरीही टक्केवारी आली, पण उलट्या दिशेने. टोकियोतील माउंट गॉक्स हे एक्स्चेंज फेब्रुवारी २०१४ मध्ये कोसळले तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गहाळ असल्याचे सांगण्यात आले (त्यातील दोन लाख पुढे एका जुन्या वॉलेटमध्ये, म्हणजे नाणी ठेवण्याच्या डिजिटल पाकिटात, सापडले). जानेवारी २०१८ मध्ये जपानच्याच कॉइनचेक या एक्स्चेंजमधून सुमारे ५८ अब्ज येनची नाणी चोरीस गेली, कारण ती इंटरनेटला जोडलेल्या 'हॉट' वॉलेटमध्ये होती. म्हणून जपानने मे २०२० पासून किमान ९५ टक्के नाणी इंटरनेटपासून तोडलेल्या 'कोल्ड' वॉलेटमध्ये ठेवण्याचा आणि उरलेल्यांइतकी स्वतःची नाणी बाजूस ठेवण्याचा नियम केला. हाँगकाँगने २०२३ मध्ये हाच आकडा ९८ वर नेला. बँकेच्या बाबतीत कायदा हाताशी किमान किती हवे ते सांगतो, तर येथे हाताशी, म्हणजे 'हॉट' वॉलेटमध्ये, कमाल किती चालेल ते. भरणा, म्हणजे ग्राहकांच्या देण्याइतकी नाणी जवळ असणे, पूर्ण हवा, हे आधीच धरलेले आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स या एक्स्चेंजच्या ग्राहकांनी तीन दिवसांत सुमारे ६ अब्ज डॉलर परत मागितले आणि भरणाच नाही, हे उघड झाले. पैसा अलामेडा रिसर्च या भगिनी कंपनीकडे वळला होता. संचालकांच्या नात्यागोत्यात वाटलेल्या कर्जांनी बुडालेल्या पतसंस्था पाहिलेल्यांना यात नवे काही वाटू नये. त्यानंतर एक्स्चेंज 'राखीव निधीचा पुरावा' जाहीर करू लागली, पण असा पुरावा त्या दिवशी काय जवळ आहे तेवढेच दाखवतो. बाहेर किती देणे आहे, हे त्यातून पुरते कळत नाही.

भारतात बँकांना क्रिप्टो व्यवहारांसाठी सेवा देण्यास मनाई करणारे रिझर्व्ह बँकेचे २०१८ चे परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले, २०२२ मध्ये क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आला, आणि मार्च २०२३ मध्ये एक्स्चेंज काळा पैसा प्रतिबंधक कायद्याखाली आली. यांपैकी कशानेही राखीव निधीचे प्रमाण ठरवले नाही. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या, अनेक स्वाक्षऱ्या लागणाऱ्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी गेली, म्हणजे जवळच्या नाण्यांपैकी जवळपास ४५ टक्के. सहकारी बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे. या नाण्यांना नव्हता, आणि निपाणी-खानापूरच्या ग्राहकालाही आपल्या वाट्याचा निवाडा, वझीरएक्सची मूळ कंपनी सिंगापूरची असल्याने, तेथील न्यायालयातून येण्याची वाट पाहावी लागली.