इंग्रजी भाववाचक नामांची क्रियापदे

इंग्रजीतील ‘डिसिजन’, ‘अटेन्शन’, ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ यांसारख्या भाववाचक नामांबरोबर रूढीने ठरलेले क्रियापद योजण्याची पद्धती. अशा जोडीत अर्थाचा भार बहुतांशी नामावर असतो आणि क्रियापद वाक्य उभे करण्यापुरते येते. तरीही वाटेल ते क्रियापद चालत नाही. मराठीत लक्ष देतात, इंग्रजीत ‘अटेन्शन’ला सामान्यतः ‘पे’ लागते, तर पोर्तुगीजमध्ये त्याच जागी पुरवणे या अर्थाचे ‘प्रेस्तार’ येते. भाषाविज्ञानात हा विषय कोलोकेशन, म्हणजे शब्दांचा रूढ सहचार, या व्यापक संज्ञेखाली येतो. मराठी, कोकणी, पोर्तुगीज आणि इंग्रजी यांचा दीर्घ शेजार असलेल्या गोव्यात त्याला काही स्थानिक पैलू आहेत.

संज्ञेच्या उगमाबद्दल एकमत नाही. पुष्कळ ग्रंथांत तिचे श्रेय जॉन रुपर्ट फर्थ (१८९०–१९६०) या ब्रिटिश भाषावैज्ञानिकांना दिलेले आढळते. शब्दाचा काही अर्थ त्याच्या नेहमीच्या सोबत्यांवरून ठरतो, हा विचार त्यांनी १९५१ च्या निबंधात मांडला. शब्द त्याच्या संगतीवरून ओळखावा, हे त्यांचे बहुउद्धृत वचन १९५७ चे आहे. मात्र हॅरल्ड पामर (१८७७–१९४९) यांनी टोकियोतील इंग्रजी अध्यापन संशोधन संस्थेसाठी तयार केलेल्या १९३३ च्या अहवालात ही संज्ञा शीर्षकातच आहे. सुटे भाग जुळवून न बनवता अखंड शिकावी लागणारी शब्दमालिका, अशी तिची व्याख्याही तेथे केलेली आहे. काही अभ्यासक आणखी मागे जाऊन जिनीव्हाचे शार्ल बाली यांच्या १९०९ मधील फ्रेंच शैलीविचाराकडे बोट दाखवतात. बालींनी शब्दांच्या कमीअधिक घट्ट गटांची चर्चा केली आहे, पण संज्ञा वेगळी वापरली आहे. कल्पना बालींपर्यंत, अध्यापनातील संज्ञा पामरांपर्यंत आणि अर्थविचारातील तिचे स्थान फर्थपर्यंत नेणे अधिक सयुक्तिक वाटते. पामर जपानात इंग्रजी अध्यापनाचे काम करीत होते आणि फर्थ १९२० च्या दशकात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. इंग्रजांना जन्मतः येणारी ही गोष्ट परकीयांना शिकवताना डोळ्यांत भरली असावी.

पुढील अभ्यासाचे दोन प्रवाह झाले. जॉन सिंक्लेअर यांच्या प्रवाहाने संगणकावरील मजकुरात एका शब्दाच्या दोन्ही बाजूंच्या साधारण चार-चार शब्दांत वारंवार काय येते, याची मोजणी केली. दुसऱ्या प्रवाहात जर्मन कोशकार फ्रान्झ योसेफ हाउसमान यांनी जोडीतील दोन घटकांना असमान मानले : नाम हा आधार, आणि क्रियापद त्या आधाराने निवडलेले. मॉस्कोत १९६० च्या दशकात इगोर मेलचुक व त्यांचे सहकारी यांनी या निवडीला सूत्ररूप दिले. क्रियापद निवडण्याच्या प्रश्नापुरता हा दुसरा प्रवाह अधिक उपयोगी आहे. बोलणाऱ्याच्या मनात आधी ‘जबाबदारी’ असते, ‘पेलणे’ नंतर येते. शिवाय एकाच नामाला अवस्थेनुसार वेगळी क्रियापदे लागतात, हेही त्यात नीट बसते : मराठीत जबाबदारी घेतात, पेलतात, झटकतात, इंग्रजीत अनुक्रमे ‘टेक’, ‘बेअर’ व ‘शर्क’.

ओटो येस्पर्सन यांनी १९४२ मध्ये अशा दुबळ्या क्रियापदांना ‘लाइट’, म्हणजे हलकी, म्हटले. ‘मेक’, ‘डू’, ‘टेक’, ‘गिव्ह’, ‘हॅव’ ही त्यांतील मुख्य. निष्पत्तीला ‘मेक’ आणि कामाला ‘डू’ असा शालेय नियम सांगतात. ‘मेक प्रोग्रेस’, ‘डू रिसर्च’ येथपर्यंत तो टिकतो, ‘डू हार्म’पाशी डळमळतो. मराठी ‘करणे’ या दोन्हींवर पसरलेले असल्याने ‘डू अ मिस्टेक’ ऐकू येते. काही क्रियापदांना अनिष्टाची ओढ असते : ‘कमिट’ला गुन्हा किंवा प्रमाद, ‘कॉज’ला बहुधा नुकसान, विलंब वा त्रास.

गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज राजवट होती, तरी मुंबईच्या मॅट्रिकसाठी इंग्रजी शाळाही होत्या. मुक्तीनंतर मराठी प्राथमिक शाळा मोठ्या संख्येने निघाल्या आणि पुढे माध्यमिक टप्प्यावर इंग्रजी माध्यम प्रबळ राहिले. त्यामुळे चौथीपर्यंत ‘परीक्षा देणारा’ विद्यार्थी पाचवीपासून तीच गोष्ट इंग्रजीतून सांगू लागतो. येथे जोडी चक्क उलटते. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक घेतो. इंग्रजीत विद्यार्थी ती ‘टेक’ करतो, ब्रिटिश वळणाने ‘सिट’, आणि ‘गिव्ह’ हे काम शिक्षकाकडे जाते. ‘मी यंदा बारावी दिली’ हे वाक्य शब्दशः इंग्रजीत नेले तर परका वाचक बोलणाऱ्याला परीक्षक समजू शकतो. कोकणीतही परीक्षा देतातच, म्हणून शेजारून दुरुस्ती होत नाही. भारतीय इंग्रजीत ‘गिव्ह’ इतके रुळले आहे की देशातल्या देशात त्याला चूक म्हणणे कठीण. परदेशी अर्जात मात्र ते टाळणे बरे.

‘डिसिजन’चे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. मराठीत निर्णय घेणे, कोकणीत निर्णय घेवप, पोर्तुगीजमध्येही घेणे या अर्थाचे ‘तोमार’. तिन्ही बाजूंनी ‘टेक’चाच कौल पडतो, आणि पाठ्यपुस्तक ‘मेक’ शिकवते. अमेरिकेत ‘मेक’ हेच रूढ. ब्रिटिश इंग्रजीत, विशेषतः औपचारिक किंवा सामूहिक निर्णयासाठी, ‘टेक’ही चालते. शिक्षकाने येथे लाल शाई वापरण्याचे कारण नाही. ‘एक्स्पीरिअन्स’ला मात्र ‘टेक’ जुळत नाही : घेतलेला, साठत जाणारा अनुभव ‘गेन’ होतो आणि आलेला एखादा अनुभव ‘हॅव’ होतो. मराठीतील घेणे आणि येणे यांच्यातला फरक येथे थोडाफार कामी येतो. वर्गात शंका विचारतात, म्हणून ‘आस्क अ डाउट’. इंग्रजीत त्या जागी ‘क्वेश्चन’ हवे, क्रियापद बदलून भागत नाही.

उसने नाम सहसा आपले क्रियापद सोबत आणत नाही. गोव्याच्या कोकणीतील ‘काजार जावप’ (लग्न होणे) आणि ‘कुमसार जावप’ (पापनिवेदन करणे) यांत पोर्तुगीज क्रियापदेच नामासारखी होऊन ‘जावप’च्या आधाराने उभी आहेत. मराठीत ‘टेन्शन’ घेतात, देतात, आणि ते येतेही. हीच जोडी परत इंग्रजीत जाऊन ‘डोन्ट टेक टेन्शन’ होते.

कोशांत ही माहिती क्रियापदाखाली न शोधता नामाखाली शोधावी. १९८६ चा बेन्सन दांपत्य व इल्सन यांचा कोश आणि २००२ चा ऑक्सफर्डचा कोलोकेशन कोश याच धोरणाने रचलेले आहेत. मराठीत मोल्सवर्थच्या कोशाने (दुसरी आवृत्ती १८५७) कित्येक नामांपुढे त्यांना लागणारी क्रियापदे वेगळ्या खुणेने नोंदली आहेत. इंग्रजी शिकवणाऱ्यालाही तो उपयोगी पडतो, कारण विद्यार्थ्याने चुकीचे क्रियापद कोठून उचलले ते बहुधा त्या नोंदीतच सापडते.