पिस्तुलाचा धक्का हातात कुठे मुरतो?

९ मिमीची ८ ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला साधारण ३५० मीटर वेगाने सुटते. तिच्यामागून बाहेर पडणाऱ्या वायूचा वाटा धरला, तर ९०० ग्रॅमचं पिस्तूल सेकंदाला तीन-साडेतीन मीटर वेगाने मागे येतं. या धक्क्याची ऊर्जा सुमारे ५ ज्यूल. जड काडतुसाच्या .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरमध्ये ती २० ज्यूलच्या वर जाते, छोट्या .२२ काडतुसाच्या पिस्तुलात अर्धा ज्यूलही भरत नाही.

पण हाताचं नुकसान नुसत्या ज्यूलवर ठरत नाही. नळी मुठीच्या वर असते, त्यामुळे पिस्तूल मागे येता येता वरही उसळतं आणि मनगट पिरगळतं. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) आणि स्प्रिंग हा धक्का थोडा लांबवतात. रिव्हॉल्व्हरमध्ये तो थेट तळहातावर बसतो.

खरी गडबड होते ती ग्रिप, म्हणजे पिस्तुलाचा हातात धरायचा भाग, हाताला मोठी असली की. बोट ट्रिगरपर्यंत पोचत नाही, म्हणून नेमबाज मूठ बाजूला फिरवतो. मग जो धक्का अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातून सरळ कोपराकडे जायला हवा, तो अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर आदळतो. हे वर्षानुवर्षं चाललं तर तो सांधा दुखरा होतो. अंगठ्याच्या कडेची चेताही (नर्व्ह) दाबली जाते आणि तिथे मुंग्या येतात.

.२२वाल्यांचं दुखणं वेगळं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं तो २५ मीटर प्रकार घ्या. पिस्तूल १४०० ग्रॅमपर्यंत चालतं आणि ते एकाच हाताने धरायचं. रॅपिड, म्हणजे जलद टप्प्यात लक्ष्य दर वेळी ३ सेकंद समोर असतं. दर गोळीला हात ४५ अंशांवरून वर न्यायचा. इथे धक्का नगण्य. कोपराच्या बाहेरच्या बाजूचे स्नायूबंध थकतात ते या उचलण्याने आणि गरजेपेक्षा घट्ट आवळण्याने. टेनिस एल्बो म्हणतात तो हाच.

बेचकं ग्रिपच्या मागच्या बाजूला शक्य तितकं वर बसवा, पण स्लाइडच्या वाटेत येऊ देऊ नका, नाहीतर कातडी सोलली जाईल. नळी आणि कोपरापासूनचा हात एका रेषेत हवेत. दोन्ही हातांनी मारताना मनगट घट्ट, कोपर किंचित सैल. लहान हाताला बारीक बॅकस्ट्रॅप (ग्रिपच्या मागचा बदलता येणारा तुकडा) लावून घ्या. जड काडतुसं सरावाला वापरू नका, तंत्र .२२वर घोटता येतं.

रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल, तर मनगटातली मीडियन चेता दाबली जातेय असा संशय घ्यावा. करंगळी बधिर होत असेल, तर बहुधा कोपराजवळची अल्नर. दोन्हींत सराव थांबवून हाताच्या डॉक्टरांना दाखवा. वेदनाशामक गोळी घेऊन रेंजवर जाऊ नका.