तीन सेकंद गप्प बसायचं ट्रेनिंग

"शिक्षक जन्मावा लागतो, घडवता येत नाही" असला मेसेज दर 5 सप्टेंबरला फॅमिली ग्रुपवर येतो आणि दरवर्षी मी चिडते. यंदा जरा जास्तच, कारण माझी भाची जूनमध्ये जिल्हा परिषद शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागली आणि तीनच महिन्यांत रडकुंडीला येऊन म्हणाली, मावशी, मला हे जमेल असं वाटत नाही गं. मी 25 वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलंय, म्हटलं हेडसरांना विचार, एक दिवस मागे येऊन बसते.

तिसरीचा वर्ग, वजाबाकी चाललेली. फळ्यावर 43 वजा 17, मुलांपुढे काड्या, दहादहाचे चार गठ्ठे आणि तीन सुट्या. भाचीनं विचारलं, "तीनातून सात जात नाहीत, मग काय करायचं?" आणि लगेच स्वतःच, "दशकाकडून उसना घ्यायचा, हो की नाही?" सगळा वर्ग एका सुरात होऽऽ. मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावून बसलेली, मध्ये एक सेकंदसुद्धा गेला नव्हता. खिडकीजवळच्या एका पोरीनं गठ्ठ्याच्या रबरात बोट घातलं होतं, सोडवायला. उत्तर तिच्या हातात आलं होतं, तोंडात यायला वेळ नाही मिळाला.

आता हे भाचीचं एकटीचं नाही. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या संशोधक बाईंनी 1960-70 च्या काळात वर्गांच्या टेप ऐकून हेच मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, "माहीत नाही" कमी होतं, कधी न बोलणारी मुलं बोलायला लागतात. आणि मला सगळ्यात टोचलेली गोष्ट म्हणजे हुशार वाटणाऱ्या मुलांसाठी शिक्षक जवळपास दोन सेकंद थांबत होते आणि कच्च्या वाटणाऱ्यांसाठी जेमतेम एक. ज्याला वेळ जास्त लागणार त्यालाच कमी!

मग सांगायचं ना, बाई गं तीन सेकंद थांब, संपलं? नाही संपत, आणि इथेच खरी गंमत आहे. आपली वर्किंग मेमरी, म्हणजे या क्षणी डोक्यात धरून ठेवायची जागा, फार छोटी असते, एका वेळी साधारण चारेक गोष्टी मावतात. नवीन शिक्षिकेच्या डोक्यात त्या वेळी पुढची पायरी, फळ्यावरचा आकडा, मागच्या बाकावरची मारामारी, घड्याळ आणि खिचडीची वेळ, असं सगळं सुटं सुटं पडलेलं असतं. (अगदी त्या काड्यांसारखं.) जुन्या बाईंच्या डोक्यात त्याच सगळ्याचा एक गठ्ठा बांधलेला असतो, एका जागेत मावतो, म्हणून त्यांना पाठ फिरवूनही मारामारी कळते. गठ्ठा बांधला जातो तो सरावानं, माहितीनं नाही. त्यात शांतता ही वर्गासमोर उभ्या माणसाला असते त्यापेक्षा लांब वाटते, दोन सेकंद म्हणजे युग, मग भीती वाटते की वर्ग हातचा जाईल, आणि डोकं सोपी वाट धरतं, स्वतःच उत्तर देऊन मोकळं व्हायचं. म्हणजे "थांबावं" हे भाचीला माहीत होतंच, परीक्षेत लिहिलंही असेल तिनं, पण ऐन वेळी ते आठवायलाच डोक्यात जागा नव्हती.

म्हणून हॉलमध्ये दोन दिवस बसवून पीपीटी दाखवण्याचा उपयोग मर्यादित. त्यात त्या पीपीटीत हमखास तो पिरॅमिड असतो, वाचलेलं 10 टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं 20 टक्के वगैरे. ते आकडे कुठल्याही प्रयोगातून आलेले नाहीत हो! एडगर डेलच्या 1946 च्या मूळ शंकूत टक्केवारीच नव्हती, नंतर कुणीतरी चिकटवली. मुलांचा मेंदू "जागा" करून देतो म्हणणारे मिडब्रेन क्लासवाले डोळ्याला पट्टी बांधून वाचायला लावतात (नाकाशेजारच्या फटीतून दिसतं) त्याला आपण हसतो, आणि हे मात्र वहीत उतरवून घेतो.

हॉलमधलं ट्रेनिंग बरं की वर्गात येऊन केलेली मदत, याची दक्षिण आफ्रिकेत नॉर्थ वेस्ट प्रांतात रीतसर चाचणी झाली. 230 शाळा, मातृभाषा सेत्स्वाना वाचायला शिकवणारे शिक्षक. दोन गटांना पाठांची आखणी आणि पुस्तकं सारखीच दिली, पण एका गटाला वर्षातून दोनदा दोन-दोन दिवसांचं ट्रेनिंग, दुसऱ्याकडे कोच, म्हणजे शिकवणं बघून शिक्षकाला सुधारणा सुचवणारा माणूस, थेट वर्गात येऊन बसायचा. दोन वर्षांनी, यातलं काहीच न मिळालेल्या शाळांच्या तुलनेत, मुलांचं वाचन ट्रेनिंगवाल्या गटात 0.12 स्टँडर्ड डेव्हिएशननं सुधारलं, कोचवाल्यात 0.24 नं. म्हणजे 100 मुलं वाचनाप्रमाणे रांगेत लावली तर मधलं पोर पहिल्या गटात पाचेक जागा पुढे सरकलं, दुसऱ्यात नऊ-दहा. जादू नाहीये, पण दुप्पट आहे. 2018 साली 60 अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हाही शिक्षकांच्या अशा कोचिंगचा फायदा दिसला, फक्त मोठ्या संख्येनं शिक्षक घेतले की तो बराच घसरत होता, कारण चांगले कोच आणायचे कुठून? आपल्याकडे केंद्रप्रमुख आहेत, पण त्यांचा दिवस माहिती गोळा करून वर पाठवण्यातच जातो, मागच्या बाकावर बसणार कधी.

मी भाचीला एकच गोष्ट दिली. फळा, अक्षर, आवाज, काही बोलले नाही. त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात मला तिसरीतली पोरगी समजून तिनं तोच प्रश्न दहादा विचारला आणि दर वेळी मनात तीन आकडे मोजून गप्प राहिली, सुरुवातीला हसू आवरेना.

दिवाळीनंतर परत गेले. 52 वजा 28. प्रश्न, मग शांतता, स्टॉपवॉचवर 3.4. खिडकीजवळची पोरगी म्हणाली, "मॅडम, एक गठ्ठा सोडायचा." भाचीनं अर्ध्या सेकंदात "शाब्बास!" म्हणून पुढचं गणित घेतलं, का सोडायचा ते विचारलंच नाही. रो बाईंनी उत्तरानंतरचा थांबासुद्धा वेगळा मोजला होता. तो आता जानेवारीत घेणार आहोत.